सोवळ्यातला बेडूक

बसवनगुडीतल्या आमच्या घरात मारामारी आंघोळीच्या आधी होते. आंघोळीनंतर हयवदनकाका मडीत असतात. मडी म्हणजे आपलं सोवळं: ओलं पंचं, म्हणजे धोतर, नेसायचं आणि पूजा-जेवण होईपर्यंत कुणाला शिवायचं नाही. आणि माणसाला न शिवता त्याच्या तोंडावर ठोसा मारता येत नाही. काकांनी यावर बराच विचार केलेला आहे, त्यांनीच मला हे सांगितलं. त्यामुळे थोरल्या भावाला जे काही मारायचं असेल ते उठल्यापासून आंघोळीपर्यंत मारून घ्यावं लागतं. राहिलं तर उद्या, कारण जेवल्यावर झोप येते. एकादशीला निर्जळी उपास असतो, म्हणून सुट्टी.

थोरला भाऊ म्हणजे प्राणेशअण्णा. ते वरच्या मजल्यावर एकटे राहतात. हयवदनकाका आणि त्यांची बायको विमलाअक्का खाली. मी वेदांत. नागपूरचा, व्हाइटफील्डच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर, अण्णांच्या एका खोलीत भाडेकरू. खोली बघायला आलो तेव्हा जिन्यात लाल थेंब होते आणि विमलाअक्का ते फडक्याने पुसत होत्या.

"कुंकू," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला कॉफी दिली. कॉफी इतकी चांगली होती की मी कुंकवाबद्दल पुन्हा काही विचारलं नाही.

या लोकांचे पूर्वज चारेकशे वर्षांपूर्वी मराठी मुलखातून घोड्यांवर बसून इकडे आले. लढाया संपल्या, घोडे गेले, हात तेवढे शिल्लक राहिले. वडील वारल्यावर वाटणी झाली. वरचा मजला, गच्ची आणि तांब्याची कळशी अण्णांना. खालचा मजला, मागचं अंगण आणि विहीर काकांना. मडीचं पाणी विहिरीचंच लागतं, नळाचं चालत नाही, म्हणून वडील त्या तांब्याच्या कळशीत ते भरायचे. अण्णा तिच्यात छत्र्या ठेवतात. जिन्यातून दिसतील अशा ठेवतात. काकांना स्टीलची कळशी आणावी लागली, आणि ती आणली त्या दिवशी त्यांनी अण्णांच्या पाठीत जेवणाचा पाट घातला.

आता डोंगराचं सांगतो.

अण्णांच्या झोपायच्या खोलीत डोंगर आहे. भिंतभर काचेची पेटी, आत दगड, शेवाळ, पानांच्या बेचक्यांत पाणी धरणारी झाडं, वरून यंत्राने सोडलेलं धुकं. दिवसभर एसी चालू, कारण आतल्या मंडळींना थंड हवा लागते. आतली मंडळी म्हणजे बेडूक. दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरांवरचे, अंगठ्याच्या पेराएवढे, काळ्या अंगावर पिवळे पट्टे, ट्रॅफिक पोलिसाच्या जाकिटासारखे. विमानतळावर एका माणसाच्या मोज्यांत सापडले. अण्णा तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, म्हणून सांभाळायला त्यांच्याकडे आले. अण्णा रिटायर झाल्यावर कॉलेजने रीतसर कागद करून शाल, श्रीफळ आणि बेडूक दिले.

त्यांच्या रानात हे बेडूक विषारी असतात, कारण तिथल्या मुंग्या खातात. बसवनगुडीत अण्णा त्यांना सडक्या केळ्यावर वाढवलेल्या चिलटांवर ठेवतात, त्यामुळे विष उतरलं आहे. स्वभाव उतरलेला नाही. नर एकमेकांच्या पोटाला पोट लावून कुस्ती खेळतात आणि हरलेल्याचं तोंड शेवाळात दाबून धरतात. माद्या एकमेकींची अंडी खातात. एका डबक्यात दोन पिल्लं सोडली तर संध्याकाळी एक उरतं आणि ते जाड झालेलं असतं. म्हणून बाप काय करतो, एकेक पिल्लू पाठीवर घेतो आणि निरनिराळ्या पानांच्या बेचक्यांत, चमचाभर पाण्यात, एकेकाला सोडून येतो. भावाला भाऊ दिसणार नाही इतक्या लांब.

"आमच्या वडलांना हे सुचलं नाही," अण्णा म्हणायचे.

अण्णांनी अंडी पाहिली होती. पाठीवर चढलेलं पिल्लूही पाहिलं होतं. बाप पिल्लाला पाण्यात उतरवतो ते मात्र कधीच पाहिलं नव्हतं. दर वेळी काहीतरी व्हायचं. वीज जायची, नाहीतर दुसरा नर बापाला बुडवायचा, नाहीतर अण्णांचा डोळा लागायचा.

"आयुष्यभर शिकवलं की रे, वेदांता. पाच मार्कांना विचारलं. ज्यांनी चुकीचं लिहिलं त्यांना नापास केलं. आणि मी स्वतः कुठं बघितलंय?"

या वर्षी माद्या संपल्या. शेवटच्या दोघींनी एकमेकींना संपवलं म्हटलं तरी चालेल. म्हातारा नर उरला, आणि मागे राहिलेल्या अंड्यांपैकी एक. त्यातून पिल्लू बाहेर आलं आणि म्हाताऱ्याच्या पाठीवर चढलं. आता याच्यानंतर काही नव्हतं. अण्णांनी खुर्ची पेटीसमोर ओढली आणि तिथेच जेवायला सुरुवात केली.

घोळ एसीचा झाला. एसीचं पाणी नळीतून खाली टपकतं, आणि नळीच्या बरोबर खाली काकांची मडीची पंची वाळतात. उंच दांडीवर, काठीने टाकलेली, कुणाचा हात लागू नये म्हणून. हात लागला नाही, पण वरून थेंब पडला, म्हणजे पुन्हा धुणं. काका त्याला 'बेडकाचं मूत' म्हणायचे. अण्णांनी त्यांना वाफ थंड होऊन पाणी कसं होतं ते नीट समजावून सांगितलं, तेव्हा काकांनी खालून नारळ मारला.

काका तरुणपणी बँकेच्या टीममध्ये फास्ट बॉलर होते. नारळ खिडकी फोडून आत आला आणि डोंगराला तडा गेला. आतलं सगळं पाणी, कित्येक आठवडे मुरवलेलं, पलंगाखाली गेलं. अण्णा तोच नारळ घेऊन खाली उतरले आणि त्यांनी काकांचा पुढचा दात पाडला. दात विमलाअक्कांनी कोपऱ्यात केराबरोबर लोटला. नारळाची चटणी केली.

हे रविवारी झालं. सोमवारी सकाळी मी कानात इयरफोन घालून ऑफिसच्या मीटिंगला बसलो होतो तेव्हा अण्णा माझ्या खोलीत आले. हातात प्लॅस्टिकचा डबा, त्यात ओलं शेवाळ, त्यावर म्हातारा नर. त्याच्या पाठीवर काळ्या उडदाच्या दाण्याएवढं काहीतरी चिकटलं होतं आणि त्याला शेपूट होतं.

"कालपासून पाणी शोधतोय बिचारा," अण्णा म्हणाले. "पिल्लाचं अंग सुकायला लागलंय. संध्याकाळ बघत नाही ते."

"नळाला पाणी आलंय, अण्णा."

"क्लोरीन आहे. मुरवायला दिवस लागतो."

"बाटलीचं आणू?"

"त्यात क्षार नाहीत. फुगून मरतं."

"एसीचं?"

"तांब्याच्या नळीतून येतं. तांबं म्हणजे विष यांना." त्यांनी डबा छातीशी धरला. "स्वच्छ पाणी या घरात एकच आहे."

आम्ही दोघांनी मागच्या खिडकीतून खाली बघितलं. हयवदनकाका आंघोळ करून ओल्या पंचात विहिरीवर उभे होते आणि रहाटाने पाणी ओढत होते. कठड्यावर स्टीलची कळशी.

"मग दुपारी मागू या," मी म्हटलं. "जेवल्यावर जरा निवलेले असतात."

"अय्यो, दुपारी कशाला? दुपारी तो मारेल. आत्ता मडीत आहे." अण्णांच्या चेहऱ्यावर शास्त्रज्ञाचं समाधान होतं. "आत्ता तो मला हात लावू शकत नाही. एवढी सुरक्षित वेळ नाही."

हे मला पटलं. मी टेस्टर आहे, एखादी गोष्ट कुठे फुटेल हे शोधण्याचा मला पगार मिळतो, आणि तरीही मला हे पटलं.

आम्ही खाली गेलो. अण्णांच्या एका हातात डबा, एका हातात लोटा. माझ्या कानात मीटिंग चालूच होती.

"हयवदना," अण्णा म्हणाले. "एक लोटा पाणी दे."

काकांनी वर बघितलं. दात पडलेल्या जागी कापूस होता. "अण्णा, लांब उभा राहा. मडी आहे."

"लांबच आहे. वरून ओत. मी लोटा धरतो."

"कशाला पाहिजे?"

"बेडकाला."

काकांनी कळशी भरली. काठोकाठ भरली, पाणी तोंडाशी थरथरत होतं. मग ती सावकाश कठड्यावर ठेवली, दुसऱ्या हातात दोर तसाच. "देवाच्या आधी बेडकाला."

"देवाला घाई नाही. याला आहे."

"नाही देत जा."

"वडलांची विहीर आहे ती."

"वडलांची कळशी आहे की तुझ्याकडे. तिला विचार पाणी."

अण्णांनी डबा कठड्यावर, कळशीशेजारी ठेवला. मग ते पुढे झाले आणि त्यांनी रहाटाचा दोर धरला. त्यांचा हिशेब सरळ होता: दोर आपण धरू, पाणी आपण ओढू, हा नुसता बघत राहील. बत्तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला एवढंच सुचलं नाही, की त्याने दोर धरला की दुसऱ्या टोकाला दोर धरून उभ्या असलेल्या माणसाची मडी मोडते. आणि मडी मोडली की हात मोकळे होतात.

काकांनी दोराकडे बघितलं. आपल्या हाताकडे बघितलं. मग अतिशय शांतपणे म्हणाले, "सरी. ठीक. झालं."

आणि त्यांनी अण्णांच्या तोंडावर डोकं आपटलं.

चष्मा फुटल्याचा आवाज मला विहिरीतून परत ऐकू आला. अण्णा मागे गेले नाहीत. त्यांनी लोटा फिरवला आणि काकांच्या कानावर घातला. कान वरच्या बाजूने उसवला. काकांनी पोटात गुडघा घातला. अण्णांनी काकांच्या दाताच्या जागचा कापूस बोटानेच आत ढकलला. ओलं पंचं, रक्त, शेवाळलेली फरशी, यामुळे दोघांनाही उभं राहणं अवघड जात होतं, तेव्हा त्यांनी एकमेकांच्या पोटाला पोट लावलं आणि गळे धरले. हे मी वरच्या पेटीत पुष्कळदा पाहिलं होतं. आता तोंड शेवाळात दाबणार, असं मनात आलं.

"वेदांत, योर अपडेट," कानात निवेदिता म्हणाली. निवेदिता माझी मॅनेजर.

मी मध्ये पडलो. मला कुणाचं कोपर लागलं ते कळलं नाही. नाकातून गरम काहीतरी आलं.

"कोई ब्लॉकर है?" तिने विचारलं, म्हणजे काम कशाने अडलंय का.

"हां," मी म्हटलं. "दो."

विमलाअक्का स्वयंपाकघराच्या खिडकीत डाव घेऊन उभ्या होत्या. त्याही मडीत. बाहेर आल्या असत्या तर सगळा स्वयंपाक पुन्हा करावा लागला असता.

"ए नागपूर! धर की त्यांना! हात आहेत ना तुला?"

"नाकाला लागलंय, अक्का!"

"नाकानं कोण धरायला सांगतंय? अहो, सोडा त्यांना! चष्मा फुटलाय! अण्णा, तुम्ही तरी मोठे आहात, स्वल्प ऐका की!"

कुणीच स्वल्पही ऐकलं नाही. काकांनी अण्णांचा हात पिरगाळला, पाठीमागे नेला आणि अण्णांना विहिरीच्या कठड्यावर पालथं घातलं. डोकं विहिरीत, पाय अंगणात. काकांचा पंजा अण्णांच्या मानेवर होता. मग अण्णांचे पाय जमिनीवरून उठले.

इथपर्यंत मी हे सगळं रोजच्यासारखं बघत होतो. आता काकांचा चेहरा दिसला. त्यावर राग नव्हता. दळण दळताना असतो तसा चेहरा होता. एकेक इंच ते भावाला आत सारत होते, आणि अण्णांच्या चपला एकामागोमाग एक फरशीवर पडल्या. विमलाअक्कांच्या हातातला डाव पडला. त्या ओरडल्या नाहीत. त्या स्वयंपाकघर सोडून बाहेर धावत आल्या, आणि मला कळलं की आज खरंच मरणार आहे कुणीतरी, कारण अक्कांनी मडी मोडली होती.

मी काकांची कंबर धरली. ते माझ्यासकट पुढे सरकले. त्यांची बरगडी कठड्याला लागली, डबा कलंडला, झाकण उडालं.

"बेडूक," मी म्हटलं.

म्हातारा नर कठड्यावर होता. शेवाळाबाहेर, उन्हात, पाठीवर पिल्लू. त्याने एक उडी मारली. मग थांबला. मग कळशीच्या ओल्या अंगावरून चढायला लागला. काकांचं नाक कळशीपासून वीतभर होतं. त्यांना तो दिसला आणि त्यांचा पंजा होता तिथेच थांबला.

बेडूक कळशीच्या तोंडाशी पोचला. काठावर बसला. मग वळला, आणि पाठमोरा, पायांनी चाचपत, पाण्यात बसला.

"हयवदना," विहिरीतून आवाज आला. घुमून आला, त्यामुळे देवळातल्यासारखा वाटला. "काय झालं? थांबलास का?"

"तुझं बेडूक," काका म्हणाले. "माझ्या कळशीत बसलंय."



"पिल्लू आहे पाठीवर?"

"आहे."

"ढकलू नको. कुणी हलू नका." म्हणजे मी काकांच्या कमरेला, काका अण्णांच्या मानेला, अण्णा कठड्याला, आणि अक्का काकांच्या पंचाच्या सोग्याला धरून, सगळे तसेच. "हयवदना, मला दिसत नाही. चष्मा गेला. आणि डोकं खाली आहे."

"माहीत आहे मला. मीच धरलंय."

"तू बघ. पाठ पाण्यात बुडलीय का?"

"अर्धी."

"डोकं वर आहे का बापाचं?"

"वर आहे. माझ्याकडे बघतोय."

"पिल्लाची शेपटी?"

काकांनी मान थोडी पुढे केली. त्यांच्या कानातून रक्ताचा थेंब हनुवटीपर्यंत आला होता; तो कळशीत पडू नये म्हणून त्यांनी तो खांद्याला पुसला. मी हे पाहिलं. "हलतेय. थरथरतेय म्हण."

"सुटतंय का?"

"नाही रे. चिकटून बसलंय. भित्रं आहे."

"भित्रं नाही. पाणी चाखतंय ते. वेळ लागतो. घाई करू नको."

"मी कुठं घाई करतोय?" काका कुजबुजले. "अण्णा, एका बाजूनं सुटलं. थांब. आता नुसतं तोंड चिकटलंय. बोलू नको."

"मी बोलत नाही, तू बोलतोयस."

"गप. उतरलं." काकांचा आवाज बदलला. "उतरलं, अण्णा. पाण्यात आहे. खाली गेलं. वर आलं. गोल फिरतंय."

विहिरीतून नाक ओढल्याचा आवाज आला, तो दहापट मोठा होऊन.

"बाप काय करतोय?"

"बसलाय अजून. बघतोय. आता निघाला."

"पाच पैकी पाच," विहीर म्हणाली.

काकांचा हात भरून आला होता, म्हणून असेल, त्यांनी अण्णांना कॉलर धरून वर ओढलं आणि फरशीवर बसवलं. अण्णा गुडघ्यांवर सरकत कळशीपाशी गेले, डोळे पाण्याला टेकवले. कपाळातून रक्त डोळ्यांत येत होतं. त्यांना काही दिसलं नाही. त्यांनी कळशी उचलायला हात लावला, तेव्हा काकांनी त्या हातावर लाथ मारली.

"कळशी माझी. पाणी माझं."

"बाप माझा आहे!"

"घेऊन जा बापाला. पिल्लू इथं राहील."

"पुरे!" विमलाअक्का म्हणाल्या. त्यांनी पडलेला लोटा उचलला आणि दोघांना एकेकदा हाणला, वयाप्रमाणे, आधी थोरल्याला. मग कळशी उचलून सावलीत, पायरीच्या कोनाड्यात ठेवली. "हे मडीचं पाणी आहे. आंघोळ केल्याशिवाय, ओलं नेसल्याशिवाय याला कुणी हात लावायचा नाही. हे लावोत, नाहीतर अण्णा लावोत, मला काय. पण मडीत."

"वेदांत?" माझ्या कानात निवेदिता होती. अख्खी टीम होती. मी म्यूट करायला विसरलो होतो. "टैडपोल का क्या हुआ?"

"उतर गया," मी म्हटलं.

व्हाइटफील्डमध्ये कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

अण्णांच्या कपाळाला टाके पडले, काकांच्या कानाला. डॉक्टरांनी कसं लागलं विचारलं, तेव्हा दोघेही म्हणाले, विहिरीवर घसरलो. माझ्या नाकाबद्दल कुणी विचारलं नाही. ते आता उजवीकडे बघतं.

प्राणेशअण्णांनी कॉलेजात लागल्यापासून मडी केली नव्हती. आता ते सकाळी विहिरीवर गार पाण्याने आंघोळ करतात, ओलं पंचं नेसतात, आणि कुडकुडत कोनाड्यापाशी उभे राहतात. शेजारी तसेच ओले काका. दोघेही मडीत, त्यामुळे कुणीच कुणाला हात लावू शकत नाही. काका कळशीत वाकतात आणि सांगतात.

"मागचे पाय आले."

"किती?"

"तीन."

"तीन कसे येतील रे, गाढवा?"

"मला तीन दिसतात. तू बघ."

अण्णा बघत नाहीत. चष्मा नाही म्हणतात. अण्णांचा नवा चष्मा होऊन आला, तो त्यांनी माझ्याकडूनच दुकानातून आणवला, आणि तो वर तांब्याच्या कळशीत, छत्र्यांच्या खाली ठेवलेला आहे. मी विचारलं, तर म्हणाले, "असू दे. हयवदन चुकीचं सांगतो ते बरं वाटतं ऐकायला."

दोघेही उठल्याउठल्या आंघोळ करतात, त्यामुळे मारामारीची सकाळची वेळ गेली आणि ती दुपारी, जेवणानंतर ठेवली आहे. तेव्हा मात्र अण्णा चष्मा लावून उतरतात. नेम चुकू नये म्हणून.